वंशावळीत नसलेली आजी

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या कुळांच्या पूर्वेतिहासाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी इतिहाससंशोधक नव्हे. आमच्या घराण्याची वंशावळ मी दोन वेळा स्वहस्ते नकलून काढली आहे, एवढाच माझा अधिकार. त्या वंशावळीत केवढी मोठी उणीव आहे, हे मला कागदपत्रांनी नव्हे तर जेवणाच्या पानाने दाखविले. ती हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

आमचे घराणे मूळ गोव्यातील साष्टीचे. पुढे ते वेंगुर्ल्यास आले व तेथून मुंबईस. वंशावळीत अकरा पिढ्यांची नोंद आहे, पण तीत स्त्रीचे नाव एकही नाही. कोणाचा पुनर्विवाह झाला असेल, तर ‘द्वितीय संबंध’ एवढे दोन शब्द लिहिलेले आहेत. नक्कल करताना दोन्ही वेळा हे मला खटकले नाही, हे प्रथमच कबूल करणे बरे.

माझी आजी मी अकरा वर्षांचा असताना निवर्तली. तिच्या हातचा एक पदार्थ आमच्या आळीत दुसऱ्या कोणाकडे होत नसे. अळूच्या पानांना इतर घरी बेसनाचा लेप लावीत. आजी मात्र तांदूळ व तुरीची डाळ भिजवून ती खोबरे, सुकी मिरची, चिंच आणि हिंग यांसह वाटी, तो लेप लावून गुंडाळी वाफवी आणि कापलेल्या वड्यांवर नारळाचे कच्चे तेल सोडी. याला ती ‘पत्रोडो’ म्हणे. वरणाला ‘दाळितोय’ आणि कडधान्याच्या ओल्या नारळातील रश्शाला ‘घशी’ म्हणे. आम्ही मुले हसत असू. “आजी केसांचे तेल पानात वाढते,” असे मीच एकदा पाहुण्यांसमक्ष म्हणालो. आजी काही बोलली नाही. त्यानंतर तिने आमच्या पानात ते तेल कधी वाढले नाही.

पुष्कळ वर्षांनी एका मंगळूरकर स्नेह्यांच्या घरी जेवावयास बसलो असता ‘दाळितोय’ हा शब्द कानी पडला, आणि हातातला घास हातातच राहिला. आमच्या घरातील लाडके शब्द म्हणून जे आम्ही समजत होतो, ते कानडा किनाऱ्यावरील कोंकणी घरांतील नित्याचे शब्द होते! मग एका वृद्ध चुलत आत्यांना विचारले. त्यांना एवढेच स्मरत होते, की आजी नवरी होऊन पडावातून आली ती कुमठ्याहून. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचे आईवडील गेले आणि पुढे जाणेयेणे तुटले.

तेव्हा मी प्रवासाला निघालो. प्रथम गोव्यात उतरलो, कारण वेंगुर्ल्याच्या घरात कुमठ्याची मुलगी कशी आली, याचे उत्तर तेथे होते. साष्टी व बारदेश 1543 साली पोर्तुगीजांच्या हाती गेले. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. त्या दशकात साष्टीतील देवळे पडली. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली जुवारी ओलांडून प्रियोळास गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाही अमलात होता, म्हणून तेथे देवांना आश्रय मिळाला. माणसांपैकी काही उत्तरेस गेली. काही कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, मंगळूर अशी किनाऱ्याने सरकत थेट कोचीपर्यंत पोहोचली. देवांनी नदी ओलांडली आणि भक्तांच्या दोन दिशा झाल्या. त्या दुभंगलेल्या दिशा पुढे सोयरिकींनी पुन्हा जोडल्या, आणि त्या सोयरिकी जोडण्यासाठी जिने घर सोडले, ती प्रत्येक वेळी मुलगीच होती.

त्या काळी अन्नाचे महत्त्व राज्यकर्त्यांनी आपल्याहून अधिक ओळखले होते. 1736 सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांना ज्या हिंदू चालीरीती वर्ज्य केल्या, त्यांत मीठ न घालता भात शिजविणे ही चालसुद्धा होती. भात अळणी की मिठाचा, यावरून माणूस ओळखला जाई! आपल्या घरी भात आजही अळणीच शिजतो. परंतु त्यात काही साक्ष आहे, याची जाणीव आपणांस नसते.

पुढे कुमठ्यास गेलो. 1998 साली संपूर्ण मार्ग खुला झालेल्या कोकण रेल्वेने तो प्रवास आता सुलभ केला आहे. हाती पत्ता नव्हता. देवळातील वृद्ध पुरोहितांना विचारले, “वेंगुर्ल्यास मुलगी दिलेले घर कोणते?” दोन दिवसांच्या विचारपुशीनंतर एका जुन्या कौलारू घरी पोहोचलो. आजीच्या भाच्याची सून, वय पंच्याऐंशीच्या घरात, ओसरीवर बसली होती. सासूच्या तोंडून ‘वेंगुर्ल्याची आत्या’ हे शब्द तिने ऐकले होते. याहून अधिक काही नाही. दुपारी जेवावयास बसविले. पानावर पत्रोडो आला आणि न विचारता त्यावर नारळाचे तेलही आले. चव तीच होती. मला बोलता येईना. ज्या गोष्टीसाठी आजीला खाली पाहावे लागले, ती येथे आदरातिथ्याची साधी रीत होती.

पण बंधुभगिनींनो, आजीचे माहेरचे नाव तेथेही मिळाले नाही. माहेरी ती ‘वेंगुर्ल्याची आत्या’, सासरी ती ‘काकी’. दोन्ही घरांनी तिचा पदार्थ जपला; नाव मात्र दोघांनीही हरविले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की आपला आहार सनातन व निर्भेळ आहे. ज्या मिरचीने पत्रोड्याला रंग येतो ती अमेरिका खंडातली, आणि काजूही ब्राझीलचा; ही दोन्ही पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. ज्यांच्यामुळे आपले पूर्वज परागंदा झाले, त्यांनीच आणलेली मिरची आपल्या आज्यांनी पाट्यावर घेतली व आपली केली. तसेच, ज्या पातोळ्या आपण श्रावणात हळदीच्या पानांत वाफवितो, त्याच गोव्यातील ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या मारियेच्या सणाला वाफवितात. धर्म बदलला, पण हळदीचे पान बदलले नाही. आपले पान शुद्धतेचा दाखला देत नाही. ते प्रवासाचा व शेजाराचा दाखला देते, आणि माझ्या मते तो अधिक मोलाचा आहे.

आणखी एकच उदाहरण देतो. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींवरील डच ग्रंथ 1678 पासून ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध होऊ लागला. त्यात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोचीच्या तिघा कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापले आहे. त्याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. तथापि तिरफळ केव्हा तोडावे, आमसुले किती उन्हे द्यावीत, अळूचे कोणते पान खाजरे, हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या स्त्रियांचे प्रमाणपत्र कोणत्या ग्रंथात आहे?

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या कुलनोंदणीच्या पुस्तकात प्रत्येक विवाहित स्त्रीपुढे तीन रकाने वाढवावेत: तिचे जन्मनाव, तिच्या माहेरचे गाव आणि तिने माहेराहून आणलेला एक पदार्थ, त्याच्या प्रमाणासह. घराघरांतील वृद्धा आज आपल्यात आहेत तोवरच हे काम होईल. त्यासाठी तरुणांनी वही घेऊन आजीजवळ स्वयंपाकघरात बसावे, आणि सवड होताच तिच्या माहेरगावी एकदा जाऊन यावे. कुलदेवतेच्या यात्रेइतकीच ही यात्राही पुण्याची आहे.

मी आमची वंशावळ तिसऱ्यांदा नकलावयास घेतली आहे. आजोबांच्या नावाशेजारी एक ओळ घातली आहे. जन्मनावाची जागा रिकामी आहे; गावाच्या जागी कुमठा आणि पदार्थाच्या जागी पत्रोडो लिहिला आहे. ‘वर नारळाचे कच्चे तेल सोडावे’ हेही न विसरता लिहिले आहे.