कोरडा डोळा

पालघर, सातपाटी, केळवें हा सारा समुद्रालगतचा मुलूख. पावसाळ्यांत येथें मिठाला पाणी सुटतें आणि दोरीवरचें धोतर दोन दोन दिवस वाळत नाहीं. अशा दमट प्रदेशांत माणसाचे डोळे कोरडे पडतात, असें कोणीं म्हटलें तर ती थट्टाच वाटेल. परंतु ती वस्तुस्थिति आहे.

तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. शेजारीं बोईसरला कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत जाऊं लागल्या. कारखान्यांतील हिशेबनीस काय, किंवा पहांटेची गाडी गांठून मुंबईची कचेरी करणारा कारकून काय, दोघांचेंही काम आतां संगणकाच्या पडद्यावर चालतें. बाहेर हवा दमट असली तरी वातानुकूलित खोलींतील हवा कोरडी असते. आणि परतीच्या गाडींत विसांवा मिळावा, तर हातांत दूरध्वनीचा लहान पडदा असतोच. संध्याकाळीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, अक्षरें पुसट दिसतात.

ह्याचें कारण समजण्यास डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. बुबुळावर अश्रूंचा एक थर सदैव पसरलेला असतो. तो केंसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असतो. आंत चिकट द्रव, मध्यें पाणी आणि वर तेलाचा तवंग, अशी त्याची घडण आहे. हें तेल पापणीच्या कडेंतील सूक्ष्म ग्रंथींतून येतें. मायबोम ह्या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें. तवंगामुळें पाणी लवकर उडून जात नाहीं, आणि पापणी लवली कीं सारा थर पुन्हां सारखा पसरतो.

पडद्याकडे टक लावणारा मनुष्य नेमकें हेंच विसरतो. त्सुबोता व नाकामोरी ह्या जपानी संशोधकांनीं १९९३ सालीं कार्यालयीन सेवकांची पाहणी प्रसिद्ध केली. निवांत बसलें असतां मिनिटाला सरासरी २२ वेळां लवणारी पापणी पुस्तक वाचतांना १० वेळां आणि पडद्यापुढें केवळ ७ वेळां लवली. शिवाय पुस्तक वाचतांना नजर खालीं असते व पापणी अर्धी झांकलेली राहते. समोरच्या पडद्याकडे पाहतांना डोळा सताड उघडा राहतो. साहजिकच पाणी अधिक उडतें.

कित्येकांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहतें, आणि म्हणून त्यांना हा विकार ओळखूं येत नाहीं. कोरडेपणानें डोळा चुरचुरला कीं अश्रूंचा एकदम लोट येतो, परंतु तो डोळ्यावर ठरत नाहीं. मग कोणी शेजाऱ्यानें सांगितलेलें औषध दुकानांतून आणतो. खरा धोका येथेंच आहे. लाली झटकन घालविणाऱ्या कांहीं थेंबांत स्टिरॉइड असतें. वैद्याच्या देखरेखीवांचून तें महिनोन्महिने घातल्यास कांहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो, कांचबिंदु होतो, आणि त्यानें गेलेली दृष्टि परत येत नाहीं.

उपाय मात्र साधे आहेत. पडदा नजरेच्या किंचित् खालीं ठेवावा. थंड हवेचा झोत तोंडावर घेऊं नये. वीस वीस मिनिटांनीं दूर पाहावें, आणि पापण्या सावकाश पूर्ण मिटाव्या. अर्धवट लवण्यानें तेल नीट बाहेर येत नाहीं. कोमट पाण्यांत पिळलेलें फडकें मिटल्या डोळ्यांवर ठेवल्यास तें सुटें होतें. एवढ्यानें न भागल्यास नेत्रवैद्याकडे जावें. मधुमेह, संधिवात आणि सर्दीवरचीं कांहीं औषधें ह्यांमुळेंही डोळे कोरडे पडतात; तो निवाडा दुकानदारानें करावयाचा नव्हे.

कचेरीच्या चालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. डोळे मिटून क्षणभर बसलेला कारकून आळशी असतोच असें नाहीं. ज्या डोळ्यांवर त्याच्या घराची चूल पेटते, त्यांची तो निगा राखीत असतो. आणि पापणी लवण्यास लागणाऱ्या वेळानें कोणाचेंच काम बुडत नाहीं.