समुद्राचा कायदा गाढीपर्यंत यावा



 समुद्राच्या कायद्याची परिषद सुकापुरात कशाला, असे काहींनी विचारले. माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी आपल्या या पट्ट्यातून पुढे पनवेलच्या खाडीला मिळते आणि पावसाळ्यात आमचा कचराही घेऊन जाते. ओहोटीला खाडीवर जाऊन पाहा. तिवरांची मुळे श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली असतात, त्यांना पिशव्या गुंडाळलेल्या दिसतील. डोल जाळी रिकामी केली की बोंबील-कोलंबीत गुटख्याच्या पुड्या निघतात, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरेसुद्धा. ते निवडत बसण्याची मजुरी कोळणीला कोण देतो?

जहाजांसाठी कायदा कडक आहे. मार्पोल कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलीजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्याला लागले, मच्छीमारांचा धंदा बसला. पण त्या जहाजांना मालक होते, ध्वज होता. दाद कोणाकडे मागायची ते कळत होते. नदीतून वाहत आलेल्या पिशवीचा मालक कोण? १९८२ च्या सागरी कायदा कराराचे २०७ वे कलम जमिनीवरून होणाऱ्या प्रदूषणाविरुद्ध देशांनी आपापले कायदे करावेत, यावरच मुख्यतः विसंबते.

महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी केली, ती बाजारात किती उरली हे आपण रोज पाहतो. जगाने २ मार्च २०२२ रोजी नैरोबीत प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध बंधनकारक करार करायचा ठराव केला. पण वाटाघाटींत बुसानला जमले नाही आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही नाही. गाडे अडले ते उत्पादनावरच्या मर्यादेपाशी. भारताचाही तिला विरोध आहे. कारखान्यांतल्या रोजगाराची काळजी मला समजते, तरीही ही भूमिका बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पादन असेच वाढत राहिले, तर डोल निवडणाऱ्या हातांची सुटका नाही.

परिषदेच्या ठरावात मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचे कलम असावे, ही माझी आग्रहाची विनंती. मसुदा समिती संध्याकाळी बसेल. त्याआधी दुपारच्या सत्रात पहिली मांडणी खाडीवरच्या कोळी भगिनी करतील.