दोन घरांच्या जिल्ह्याचा नकाशा

(रत्नागिरी येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवरील नकाशा आपल्या डोळ्यांपुढे येतो. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी. मानवी भूगोलाचा नकाशा याहून निराळा असतो. त्यावर माणसे दाखवायची असतात, आणि माणसे डोंगराप्रमाणे एका जागी बसून राहत नाहीत. आपल्या जिल्ह्यातील माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या एक पाय गावात आणि एक पाय मुंबईत ठेवून जगत आली आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीविषयीचा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. मुंबईकडे जाणाऱ्या येथील माणसांची दखल त्यातही घेतलेली आहे.

सन २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली. पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया हे प्रमाण राज्यातील सर्व जिल्ह्यांत अधिक होते. राज्याची सरासरी ९२९ होती. आता याचा क्षेत्रघनी नकाशा काढा, म्हणजे आकडा जितका मोठा तितका जिल्ह्याचा रंग गडद. महाराष्ट्राच्या नकाशात रत्नागिरी सर्वांत गडद दिसेल, आणि पाहणारा म्हणेल की मुलींच्या जन्माचे स्वागत करावे ते रत्नागिरीकरांनीच! परंतु त्याच जनगणनेतील शून्य ते सहा वर्षे वयाच्या बालकांचे कोष्टक उघडले, तर तेथे दर हजार मुलांमागे मुली हजारापेक्षा कमीच आढळतात. याचा अर्थ असा की तो गडद रंग पुष्कळ अंशी कामधंद्यासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांची सावली आहे. रंग खरा, आकडाही खरा. वाचन मात्र चुकते. योजनांच्या अहवालांत असे नकाशे सर्रास छापले जातात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

माहिती कोणत्या दिवशी गोळा केली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. होळी त्या वर्षी १९ मार्चला होती. म्हणजे शिमग्याला येणारा चाकरमानी अद्याप गावी पोचला नव्हता. आणि पोचला असता तरी नेहमीचे वास्तव्य मुंबईत म्हणून त्याची मोजणी तिकडेच व्हायची. नियम योग्यच आहे, एकाच माणसाला दोनदा मोजता येत नाही. पण मे महिन्यात, गणपतीत तोच माणूस सहकुटुंब येथे असतो. विहिरीचे पाणी, आरोग्य केंद्रातील औषधे आणि एस. टी.च्या जादा गाड्या त्याला लागतातच. फेब्रुवारीच्या आकड्यावर नळयोजना आखली की मे महिन्यात ती अपुरी पडणार, यात नवल नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिनही १ मार्च २०२७ हाच जाहीर झालेला आहे. तेव्हा हा फरक पुन्हा राहणारच.

याच्या उलटही एक प्रवाह आहे. आंब्याच्या बागांत राखणीस आलेले नेपाळी कामगार, मिरकरवाडा आणि हर्णै बंदरांत मच्छिमारी नौकांवर येणारे परप्रांतीय खलाशी हे हंगामी रहिवासी गावाच्या कोणत्या वहीत असतात, हे प्रत्येकाने आपापल्या गावी पाहावे.

अशा ये-जा करणाऱ्या माणसांसाठी प्रवाह-नकाशा उपयोगी पडतो. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८५८ सालच्या जगातील देशांतराचा असा नकाशा १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. माणसे जितकी अधिक तितका पट्टा रुंद. खेड, चिपळूण, गुहागर येथून मुंबईकडे असे पट्टे काढायचे, तर पूर्वी टपाल कचेरीतील मनिऑर्डरींवरून काही अंदाज बांधता येत असे. पैसा बँकेतून येऊ लागल्यापासून ती खूण पुसट झाली. आता घरोघर विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

टिंब पद्धतीचा नकाशा कोकणाला विशेष मानवतो. देशावरील गाव बहुधा एका गावठाणात दाटलेले असते. आपले गाव वाड्यांत विखुरलेले. जिल्ह्याची घनता २०११ मध्ये दर चौरस किलोमीटरला १९७ होती. हा आकडा बंदरावरील दाट वस्तीचेही वर्णन करीत नाही आणि सह्याद्रीच्या कड्याखालील चार घरांच्या वाडीचेही नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात. तो टँकर गावाला लागतो की वरच्या वाडीला? म्हणूनच टंचाईच्या अहवालांत गावे आणि वाड्या वेगळ्या मोजतात. गावाच्या नावाखाली सरसकट एक रंग दिला, तर तहानलेली वाडी खालच्या पाणवठ्याच्या रंगात बुडून जाते.

हे काम कोण करणार? येथे बसलेले शिक्षकच. जनगणनेचा नजरी नकाशा आपणच काढता: पक्क्या इमारतीला चौकोन, कच्चीला त्रिकोण, राहण्याखेरीज अन्य वापर असेल तर आत रेषा. स्वामित्व योजनेखाली २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. त्यातून छपराची हद्द अचूक कळते. छपराखाली चूल पेटते की कुलूप आहे, हे मात्र दारात जाऊनच कळते.

तेव्हा आपल्या नजरी नकाशाच्या धर्तीवर शाळेने वाडीचा एक नकाशा करावा आणि प्रत्येक घराला क्रमांक द्यावा. वहीत त्या क्रमांकापुढे तीन रकाने असावेत: बारमाही राहणारे, सणासुटीला येणारे, हंगामी कामाला आलेले. नोंद फेब्रुवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा घ्यावी. दोन्ही वेळा विहिरीची पातळी त्याच दोरीने मोजावी, नाहीतर तुलना होत नाही. कुलूपबंद घर गाळू नये, ते कुलूपबंद म्हणूनच दाखवावे. जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. जेथे असे नाव बदलले असेल तेथे नकाशावर नवे नाव लिहावे आणि जुन्या दप्तराशी मेळ बसावा म्हणून क्रमांकाची सूची सोबत जोडावी. एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत राहू द्यावी, म्हणजे पाणीटंचाईचा आराखडा करताना ती हाताशी असेल.