फितणारा आणि फितवणारा

बाजू सोडून पलीकडे जाणाऱ्याला आपण 'फितूर' म्हणतो. शब्द मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ ढिलाई, शैथिल्य. फारसीच्या वाटेने तो इकडे आला. हिंदीत त्याचे डोक्यातले खूळ झाले, मराठीत आतून होणारा दगा. पण मराठीने आणखी एक गोष्ट केली. 'फितणे' याला 'फितवणे' हे प्रयोजक रूप दिले. म्हणजे फितणारा आला की फितवणारा आलाच!

उदाहरणाला लांब जायला नको. तलवाड्याच्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोड केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. त्याआधी नागपूरकर जानोजी भोसले निजामाकडे होते. पेशव्यांकडून ३२ लाखांचा मुलूख कबूल झाला आणि जानोजी ऐन वेळी बाजूला सरले. आता निजामाच्या छावणीतून बघा, जानोजी फितले. पुण्याहून बघा, घरचा माणूस घरी आला. मुलूख देणाऱ्याला मात्र कोणी नाव ठेवीत नाही. पुढे १७६६ मध्ये त्याच पेशव्यांनी, निजामालाच बरोबर घेऊन, त्यातला बराचसा मुलूख परत घेतला!

१९६७ साली हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदाराने एवढ्या वेळा पक्ष बदलला की 'आयाराम-गयाराम' ही म्हण पडली. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. 'पक्षांतर' हा शब्द कसा स्वच्छ, इस्त्रीचा. पण 'पक्षांतरवणे' असे काही होत नाही. नेणारा त्या शब्दातून सुटलाच.

कोर्टाच्या बातमीत 'साक्षीदार फितूर' असे छापतात. अर्थ एवढाच की, पोलिसांच्या कागदावर आहे ते त्याने कोर्टात सांगितले नाही. पैसा घेतला, भ्याला, की कागदावरचे मुळात त्याचे नव्हतेच, हे त्या शब्दावरून कळत नाही. समजा, तो सालगडी आहे आणि आरोपी त्याचा मालक. गावात मात्र त्याच्या पोराला 'फितुराचा' म्हणून चिडवतात. गुरुजी, असे वर्गात कानावर आले तर फळ्यावर 'फितणे' आणि 'फितवणे' दोन्ही लिहा, आणि मुलांना दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता शोधायला सांगा.