पत्ता बदलला, घर तेच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. माझी आई कराडला राहते. वय वर्षं एक्क्याऐंशी. वडील गेल्यानंतर ‘पुण्याला चल’ म्हणून आम्ही परोपरीनं विनवलं. पण अंगण, तुळस आणि शेजारणी सोडून यायला ती तयार नव्हती. शेवटी तडजोड म्हणून पुढच्या ओसरीत आणि मागच्या दारी असे दोन कॅमेरे बसवले. पुण्यात बसून मोबाइलमध्ये आकड्यांचा एक पत्ता टाकला, की कराडची ओसरी दिसायची. सकाळी आई फुलं तोडताना दिसली, की माझा चहा गोड लागायचा.

त्या रात्री कराडला वादळी पाऊस झाला. सकाळी मोबाइल उघडला, तर ओसरी दिसेना. आईला फोन लावला, तो उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तरी तेच. मग मात्र माझे हातपाय गार पडले. शेजारच्या वहिनींना फोन केला. त्या बिचाऱ्या पावसात भिजत गेल्या. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते माझं मला ठाऊक. मग फोन आला, ‘‘अहो भाऊजी, आई पूजेला बसल्यात. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलाय.’’

दुपारी इंटरनेट जोडून देणाऱ्या मुलाला विचारलं. तो सहज म्हणाला, ‘‘काका, रात्री लाइट गेली होती ना? राउटर बंद पडून परत चालू झाला, तेव्हा आयपी बदलला. म्हणजे घराचा पत्ताच बदलला म्हणा ना!’’

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘घर इथंच, मी इथंच. मग पत्ता बदलला तो कुणाला विचारून?’’

श्रोतेहो, मी काही संगणकातला जाणकार नव्हे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पण आईचा हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्याच्या उत्तराच्या शोधात जे कळलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

इंटरनेटवर एका यंत्रानं दुसऱ्याला काही पाठवायचं, तर पत्ता लागतोच. तो आकड्यांत असतो. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५ यांच्यामधला. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५. यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं ‘अर्पानेट’ हे जाळं या पद्धतीवर आलं आणि आजचं इंटरनेट त्यातूनच वाढलं.

आता माझ्यातला गणिताचा मास्तर जागा होतो. एका जागी २५६ शक्यता, अशा जागा चार. २५६ चा चार वेळा गुणाकार केला, की सुमारे ४२९ कोटी येतात. थोड्या विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची यंत्रं जोडायची होती, तेव्हा हा आकडा अफाट वाटला असेल. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे आणि एकेका घरात दोन-चार मोबाइल, टीव्ही, कॅमेरा अशी यंत्रं आहेत. पत्ते पुरणार कसे? ते पुरलेही नाहीत. पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले.

मग काटकसर सुरू झाली. त्यातली पहिली युक्ती म्हणजे बदलता पत्ता, अर्थात डायनॅमिक आयपी. कंपनीकडे पत्त्यांचा साठा असतो. तुमचा राउटर चालू झाला, की त्यातला मोकळा असलेला एक पत्ता त्याला मिळतो. राउटर बंद झाला, की तो पत्ता साठ्यात परत जातो आणि दुसऱ्या कुणाला दिला जातो. लॉजमधल्या खोलीसारखंच हे. तुम्ही खोली सोडली, की किल्ली काउंटरवर. परत आलात तर तीच खोली मिळेल असं नाही. कधी महिनाभर पत्ता तोच राहतो, कधी एका रात्रीत बदलतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी आपल्या घरच्या ब्रॉडबँडची गत.

स्टॅटिक आयपी म्हणजे कायमचा पत्ता. लाइट जावो, राउटर बदलो, तो पत्ता तुमच्याच नावे राहतो. वस्तू दुर्मिळ, म्हणून कंपन्या त्याचे सहसा वेगळे पैसे घेतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कायमचा पत्ता घेतल्यानं इंटरनेटचा वेग वाढत नाही. घरावर पितळी पाटी लावली, म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही!

दुसरी युक्ती आपल्याला जुन्या वाड्यांवरून चटकन कळेल. पुण्यातल्या वाड्याचा पत्ता एकच आणि आत बिऱ्हाडं बारा. पोस्टमन दिंडीदरवाजापर्यंत यायचा. आत कोण कुठे राहतं, हे वाड्यातल्यांना ठाऊक. आपला राउटर म्हणजे तो दिंडीदरवाजा. बाहेरच्या जगाला त्याचा एकच पत्ता दिसतो. आतल्या मोबाइलला, टीव्हीला, प्रिंटरला राउटर स्वतःच घरगुती पत्ते वाटतो. ते बहुधा १९२.१६८ पासून सुरू होतात. तुमच्या घरी १९२.१६८.१.५ असेल आणि शेजाऱ्याकडेही तोच असेल. बिघडत काही नाही. प्रत्येक वाड्यात ‘जिन्याखालची खोली’ असायचीच की!

हे घरगुती पत्तेसुद्धा बदलते असतात. लाइट जाऊन आली, की कधीकधी प्रिंटर सापडत नाही, त्याचं हेही एक कारण असू शकतं. त्यावरचा उपाय फुकट आहे. प्रिंटरचा किंवा कॅमेऱ्याचा घरातला पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये कायमचा राखून ठेवता येतो. कंपनीला त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

माझी गोष्ट मात्र इथं संपली नाही. कायमचा पत्ता घ्यायचे पैसे वाचवायला मी एक सोय शोधली. तिला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. तुमच्या घराला एक नाव मिळतं आणि पत्ता बदलला, की राउटर स्वतःच त्या नावापुढे नवा पत्ता नोंदवतो. आपण फक्त नाव लक्षात ठेवायचं. चार महिने उत्तम चाललं. मग एके दिवशी तेही बंद. नाव बरोबर, पत्ता ताजा, तरी ओसरी दिसेना.

याचं कारण काटकसरीची तिसरी युक्ती. आता कंपनी पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. म्हणजे वाडाच नव्हे, सगळी आळी एका वेशीच्या आत. वेशीबाहेरचा माणूस माझ्या दारापर्यंत पोहोचणारच नाही. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्याकडे ते आहे का, हे तपासणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला कंपनीकडून मिळालेला पत्ता पाहा. मग ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर पाहा. दोन्हीकडे टिंबांचे ते चार आकडे वेगळे दिसले, तर बहुधा आपण वेशीच्या आत आहोत. या कामासाठी १००.६४ ते १००.१२७ पासून सुरू होणारे पत्ते २०१२ साली मुद्दाम राखून ठेवले आहेत.

बदलत्या आणि वाटून घेतलेल्या पत्त्याची एक गंभीर बाजूही आहे. २००७ साली ऑर्कुटवरच्या एका आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. तपास आयपी अ‍ॅड्रेसवरून झाला होता. पण तो पत्ता चुकीच्या ग्राहकाच्या नावाशी जोडला गेला होता. त्या निरपराध माणसाला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. आकडा दिसला, म्हणजे माणूस सापडला असं नव्हे. तो आकडा नेमक्या कोणत्या क्षणी कुणाकडे होता, याची कंपनीकडची नोंद अचूक असेल, तरच त्याला अर्थ. आणि आपल्या बाजूनं आपण एवढं तरी करावं, की वायफायचा पासवर्ड येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत सुटू नये. बाहेरून दिसणारा पत्ता आपल्या नावे नोंदलेला असतो.

मग सरळ कायमचा पत्ता घ्यावा का? घरात बसून दुकानाचा किंवा कचेरीचा सर्व्हर चालवायचा असेल, किंवा कचेरीची यंत्रणा ठरावीक पत्त्यावरूनच आत घेत असेल, तर जरूर घ्यावा. पण टपाल पाहणं, सिनेमे पाहणं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, बँकेची कामं यांसाठी त्याची काही गरज नाही.

शिवाय कायमचा पत्ता आणि त्यात बाहेरून उघडं ठेवलेलं दार, म्हणजे चोरालाही कायमची वाट. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातले घरगुती कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर काबीज केले. त्याची युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोक बदलतच नाहीत, तेच तो एकामागून एक लावून पाहायचा. त्या यंत्रांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एका मोठ्या अमेरिकन सेवेवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास अनेकांना उघडेनात. हे वाचल्यावर मी कराडच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड पाहिला. तो होता ‘अ‍ॅडमिन’. म्हणजे माझ्या आईची ओसरी पाहायला कुणालाही फारसे कष्ट पडले नसते. त्या दिवशी मला वादळाच्या सकाळपेक्षा जास्त भीती वाटली.

टंचाईवरचा खरा उपाय म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६. त्यात पत्ते किती? ३४ वर ३७ शून्यं! ६ जून २०१२ पासून मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत कायमची सुरू केली. भारत तिच्या वापरात जगात आघाडीवर आहे. जुनी पद्धत मात्र अजून सुटलेली नाही; दोन्ही शेजारी शेजारी चालू आहेत. आणि नव्या पद्धतीतही घराला मिळणारा पत्ता कायमचाच असेल, असं नाही.

शेवटी मी कराडला काय केलं? असे कॅमेरे घेतले, जे स्वतःच बाहेर जाऊन त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतात. माझा मोबाइलही तिथेच जातो आणि दोघांची गाठ पडते. त्यामुळे घराचा पत्ता कितीही वेळा बदलला, तरी अडत नाही. आपलं चित्र तिसऱ्याच्या हातून येतं, हे मात्र विसरायचं नाही. म्हणून पासवर्ड लांब ठेवला, मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक आकड्याची दुहेरी खात्री चालू केली आणि स्वयंपाकघराकडचा मागच्या दारचा कॅमेरा काढूनच टाकला. राउटरला छोटी बॅटरी जोडली. लाइट गेली तरी तो तीनेक तास तग धरतो.

हे सगळं आईला समजावून सांगितलं. पत्ते थोडे आहेत, माणसं फार आहेत, म्हणून आळीपाळीनं वापरतात, एवढं तिला पटलं. म्हणाली, ‘‘मग बदलू दे की. आमच्या नळाचं पाणीसुद्धा पाळीनंच येतं.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘पण तू सकाळी ते यंत्र बघण्याऐवजी फोनच करत जा. तुला मी दिसते, मला तू कुठं दिसतोस?’’

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, तिची पूजा आटोपली की, मी फोन करतो. तिनं फोन जवळ ठेवायचा, असं आमचं ठरलंय.