आधी भाकर, मग वाट



“प्रार्थना करते, तरी मन उभारी धरत नाही. माझा विश्वासच कमी पडला का?” असं वाटणाऱ्या बहिणींसाठी आज एलीया संदेष्ट्याची गोष्ट. बायबलात, पहिले राजे, अध्याय १९ मध्ये ती आहे.

कर्मेल डोंगरावर मोठं काम करून आलेला हा माणूस. ईजबेल राणी जिवावर उठली, तसा रानात पळाला. झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागितलं आणि तिथंच झोपला.

देव रागावला नाही. देवदूतानं त्याला उठवलं. उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी होतं. तो जेवला, पुन्हा झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवून जेवू घातलं, कारण वाट लांबची होती. पुढे होरेब डोंगरावर देव त्याच्याशी हळू आवाजात बोलला, आणि अलीशासारखा सोबतीही दिला.

म्हणजे थकणं हे पाप नाही. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईनं आधी पोटभर जेवावं, झोपावं. प्रार्थना दोन शब्दांची झाली तरी चालेल. गटातल्या एखादीला मनातलं सांगावं. जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरावर बोलावं. मदत घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एलीयालाही भाकर दुसऱ्याच्याच हातून मिळाली.