कोरड्या दिवसांतल्या रमाबाई

कर्जतहून बोरघाट चढणारा रेल्वेमार्ग पुणे ओलांडून दौंडच्या अलीकडे केडगावला पोचतो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. कर्जत-खालापुरातल्या ज्या ख्रिस्ती बंधुभगिनींना हल्ली प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, त्यांनी रमाबाईंची ही बाजू जरूर ऐकावी.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत मुलींसाठी शारदा सदन उभं राहिलं. नाव झालं, काम वाढलं, पण मनाला समाधान नव्हतं. धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र भेटला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं. १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनीच तसं लिहिलं आहे. संस्कृतात पंडिता म्हणून गौरवलेल्या बाईंनी हे उघड सांगावं, याचं मला फार मोल वाटतं.

त्यांनी बायबल मिटलं नाही, सदनातल्या मुलींनाही सोडलं नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

मदर तेरेसांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पत्रंही अशाच दीर्घ रितेपणाबद्दल बोलतात.

अशा दिवसांत लांब प्रार्थना जमत नसेल, तर ठरल्या वेळी एखादं स्तोत्र वाचा. पाळकांशी किंवा फादरांशी मोकळेपणी बोला. झोप आणि भूकही हरवली असेल, तर डॉक्टरांनाही भेटा.